घरमाशी आणि फळमाशी

काहीएक उद्योग न करणाऱ्या माणसाविषयी 'तो माश्या मारीत बसला आहे' असे म्हणण्याचा आपल्या भाषेत प्रघात आहे. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम योजिला त्याने कीटकशास्त्राचा अभ्यास केला असेल असे वाटत नाही. तथापि त्याचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीस पुरेपूर उतरते. उडणारी माशी मारणे हा खरोखरच रिकामपणाचा उद्योग होय. जी माशी आपण फडक्याने मारतो तिने आपली अंडी बहुधा आधीच कोठेतरी घालून ठेवलेली असतात, आणि ती कोठे घातली आहेत इकडे आपले लक्ष नसते.

खानापूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबांस दोन निरनिराळ्या माश्यांचा उपद्रव होतो. एक स्वयंपाकघरात येते, दुसरी परसातल्या मांडवावर आणि आंब्याच्या झाडावर. पहिलीस शास्त्रज्ञ 'घरमाशी' म्हणतात, दुसरीस 'फळमाशी'. दोघींचा जोर साधारणतः एकाच सुमारास वाढतो. वळिवाचे पाऊस पडून गेले, फणस पिकून घरोघर फुटू लागले, झाडाखाली आंब्यांचा सडा पडू लागला, की दोन्ही माश्यांस सुगीचे दिवस येतात. त्यामुळे अनेकांचा असा समज होतो की, ही सारी एकच जात. जी ताटावर बसते तीच काकडीत किडे पाडते, आणि जे औषध एकीस लागू पडते ते दुसरीसही पडेल. या समजापायी जे नुकसान होते ते माश्यांनी केलेल्या नुकसानीहून कमी नाही, असे आमचे मत आहे. म्हणून या दोघींची ओळख वाचकांस थोडी सविस्तर करून द्यावी असे आम्ही योजिले आहे.

दोघींचे रूप

घरमाशी सर्वांच्या परिचयाची. राखी रंग, पाठीवर चार काळसर उभे पट्टे, तांबूस डोळे. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीयस याने १७५८ साली तिला जे लॅटिन नाव दिले त्यातच 'घरातली' हा अर्थ आहे. मनुष्यवस्ती सोडून रानात ती फारशी रमत नाही.

फळमाशी आकाराने जवळजवळ तेवढीच. परंतु पाहणाऱ्यास ती माशी न वाटता लहानशी गांधीलमाशी वाटावी अशी तिची ठेवण असते. आंब्यावर येणाऱ्या फळमाशीची पाठ काळसर, तिच्या दोन्ही बाजूंस पिवळे पट्टे, पंख काचेसारखे स्वच्छ आणि त्यांच्या पुढच्या काठास काळी किनार. मादीच्या शेपटीशी एक टोकदार नळी असते. ही नांगी नव्हे. ती माणसास दंश करीत नाही. ही नळी म्हणजे तिचे अंडी घालण्याचे साधन. काकडी, दोडका, कारले, भोपळा या वेलवर्गावर येणारी फळमाशी हिचीच बहीण. रंगाने तांबूस-पिवळी आणि पंखांवर तपकिरी ठिपके असलेली. दोघी बहिणींची राहणी इतकी सारखी आहे की, या लेखात आम्ही त्यांस एकच नाव दिले तर चालण्यासारखे आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. पिकलेल्या केळ्यांभोवती आणि काजूच्या आंबलेल्या बोंडांभोवती जी मोहरीएवढी चिलटे घोंघावतात त्यांसही पुष्कळ पुस्तकांतून 'फळमाशी' असेच म्हटलेले आढळते. अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांना आनुवंशिकतेच्या संशोधनाबद्दल १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते याच चिलटांवरील प्रयोगांमुळे. शाळेत शिकणाऱ्या मुलांनी ही दोन नावे एक समजू नयेत. आपल्याकडची ही चिलटे बहुतेक करून कुजू लागलेल्या फळावर जगतात आणि शेतकऱ्याचे फारसे बिघडवीत नाहीत. आमच्या विषयातली फळमाशी चांगल्या, न किडलेल्या फळावर घाला घालते, हाच तिचा दोष.

फळाच्या पोटात अळी कोठून येते?

बाहेरून सुरेख दिसणारा आंबा कापावा आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसाव्यात, हा अनुभव नसलेले घर आपल्या भागात विरळाच. 'पावसाचे पाणी लागले की आंब्यात किडे होतात' असे वडीलधारी माणसे सांगतात. पावसाचा संबंध आहे हे खरे. परंतु पाण्यापासून किडा होत नाही. या प्रश्नाचा निकाल साडेतीनशे वर्षांपूर्वीच लागला आहे. इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत फ्रान्सिस्को रेडी नावाचा एक वैद्य होता. कुजक्या मांसातून अळ्या आपोआप निर्माण होतात असे त्या काळचे विद्वान मानीत. रेडीने काही बरण्यांत मांस ठेवून त्या उघड्या ठेविल्या, काही घट्ट बंद केल्या आणि काहींच्या तोंडावर विरळ कापड बांधिले. उघड्या बरणीतल्या मांसात अळ्या झाल्या. झाकलेल्या बरणीतले मांस सडले, पण त्यात अळी झाली नाही. माश्या कापडावर येऊन बसत, परंतु आत जाऊ शकत नसत. १६६८ साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. अळी ही माशीचे लेकरू आहे, आणि माशीस अडविले की अळी होत नाही, एवढेच त्याने सिद्ध केले. परंतु घरमाशी असो वा फळमाशी, दोघींवरील सर्व उपायांचे मूळ या एका कापडात आहे.

फळमाशीची मादी पाडास आलेल्या फळाच्या सालीत ती नळी खुपसते आणि सालीखाली अंडी घालते. बाहेर सुईच्या टोकाएवढे छिद्र राहते. त्यातून कधी चिकाचा थेंब येतो, कधी तेवढेही दिसत नाही. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. अळ्या गर खात खात आत शिरतात, त्यांच्यामागोमाग कूज शिरते आणि आठवडाभरात फळ गळून पडते. झाडाखाली पडलेले ते फळ आपण पायाने बाजूस सारतो. खरी गोष्ट येथे घडते. फळ पडले म्हणजे अळीचे काम संपले नाही, तिचा प्रवास सुरू झाला. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर येते आणि आपले शरीर धनुष्यासारखे वाकवून टुणकन उडी मारते. घरमाशीच्या अळीस ही विद्या अवगत नाही. अशा उड्या घेत ती सोयीची जागा शोधते, दोन-चार बोटे मातीत शिरते आणि तेथे कोष करून निजते. आठ-दहा दिवसांनी कोषातून माशी निघते आणि पुन्हा आठवड्या-दोन आठवड्यांत अंडी घालण्यास सिद्ध होते. एक मादी आपल्या आयुष्यात हजारावर अंडी घालू शकते. पाऊस पडून माती मऊ झाली की कोषास जागा सोपी होते, फळेही त्याच वेळी पिकतात. वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य होते ते एवढेच. पावसाळी बहराचा पेरू किडका निघतो तो याच कारणाने.

आंब्याच्या कोयीत जो काळा भुंगा सापडतो तो मात्र निराळा प्राणी आहे. त्याचा दोष फळमाशीच्या माथी मारू नये.

या एवढ्याशा माशीमुळे राज्याराज्यांत व्यवहार थांबतात. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा आणि त्यासोबत वांगी, कारली, पडवळ व अळू यांस आपली दारे बंद केली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांपैकी २०७ मालांत फळमाशी व तत्सम किडी सापडल्या, हे त्याचे कारण. ऐन हंगामात बंदी आल्याने कोकणातील बागाइतदारांस मोठा फटका बसला. पुढे आंबा गरम पाण्यात ठरावीक काळ बुडवून अळी मारण्याची व्यवस्था व तपासणी कडक केल्यावर २०१५ च्या आरंभी आंब्यावरील बंदी उठली. आमच्या खानापूरची काकडी युरोपास जात नाही, बेळगावच्या बाजारास जाते. परंतु तेथील व्यापाऱ्यासही सुरी लावून पाहता येते.

पांढऱ्या पायांची माशी

घरमाशीचे कुळ निराळे आणि अपराधही निराळा. ती पिकाचे काही बिघडवीत नाही. चांगल्या फळास छिद्र पाडण्याचे साधनच तिच्याजवळ नाही. तिचे तोंड स्पंजासारखे. त्याने ती केवळ ओले पदार्थ शोषू शकते. साखर, भाकरी असा कोरडा पदार्थ असेल तर ती प्रथम आपल्या पोटातील द्रव त्यावर ओकते, पदार्थ विरघळवते आणि मग शोषते. खाता खाता विष्ठाही करते. ज्या पोटातील द्रव ती आपल्या भाकरीवर ओकते त्या पोटात आधीचे भोजन कोणते गेले होते, हा विचार ज्याच्या मनात एकदा आला त्यास माशी बसलेला घास गोड लागावयाचा नाही.

अमेरिका व स्पेन यांच्यात १८९८ साली युद्ध झाले. त्या वेळी अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत विषमज्वराने कहर मांडिला. लढाईत पडले त्याहून अधिक शिपाई रोगाने दगावले. कारण शोधण्यासाठी सरकारने वॉल्टर रीड व त्यांचे दोन सहकारी अशा तीन डॉक्टरांची समिती नेमिली. छावण्यांतील शौचाचे खंदक उघडे होते आणि दुर्गंधी दडपण्यासाठी त्यांवर चुन्याची भुकटी टाकीत असत. पुढे भोजनाच्या तंबूत शिपायांच्या अन्नावर ज्या माश्या फिरताना दिसल्या त्यांचे पाय पांढरे होते. तो चुना कोठून आला हे सांगण्यास डॉक्टरांची आवश्यकता नव्हती.

आपल्या अंगणातील माशीच्या पायास चुना लागलेला नसतो, म्हणून ती कोठून आली हे आपणांस दिसत नाही, एवढाच फरक. हगवण, आमांश, विषमज्वर, पटकी या रोगांचे जंतू तिच्या पायांवरील केसांना चिकटून येतात. ज्यास आपण खुपऱ्या म्हणतो तो डोळ्यांचा रोग पसरविण्यात घरमाशीच्या एका जवळच्या नातलग जातीचा हात आहे. भारतातून त्या रोगाची साथ म्हणून असलेली भीती गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले, ही आनंदाची गोष्ट होय.

सर्वच हगवण माशीमुळे होते असे मात्र नव्हे. दूषित पाणी आणि न धुतलेले हात यांचा वाटा मोठा आहे. तरीही माशीचा वाटा किती, हे लोकांनी मोजून पाहिले आहे. पाकिस्तानातील काही खेड्यांत माश्यांचा बंदोबस्त केला असता लहान मुलांची हगवण सुमारे चौथा हिस्सा कमी झाली, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. ती खेडी आपल्यासारखीच. गुरे, शेण, उघडे अंगण. चार आजारी बालकांपैकी जवळजवळ एक केवळ माशीच्या बंदोबस्ताने आजारी पडले नसते, असा याचा अर्थ. ज्या मातेच्या मांडीवर ते चौथे बालक सुकून जात आहे तिला हा आकडा लहान वाटणार नाही. अशा बालकास मीठ-साखरेचे योग्य प्रमाण असलेले पाणी, म्हणजे दवाखान्यात मिळणारे 'ओआरएस', लगेच पाजण्यास सुरुवात करावी, अंगावरचे दूध तोडू नये आणि मूल मलूल दिसू लागल्यास दवाखाना गाठण्यास विलंब करू नये. बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी, १९७१ साली, बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याने असंख्य पटकीचे रोगी वाचविले.

आता घरमाशी अंडी कोठे घालते ते पाहू. तिला ओलसर, उबदार, कुजणारा पदार्थ लागतो: शेणाचा उघडा ढीग, कोंबड्यांची शीट, उघड्यावरील मानवी विष्ठा, फणसाची चारखंडे, उष्टे-खरकटे. उन्हाळ्याच्या दिवसांत तिचे अंडे ते माशी हे सर्व चक्र आठ-दहा दिवसांत पुरे होते. अळी तीन-चार दिवस ओल्या भागात वाढते आणि कोष करण्यासाठी ढिगाच्या कडेस, कोरड्या जागी सरकते. उकिरड्याच्या कडेची माती उकरून पाहिल्यास तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष मुठीमुठीने निघतात. काही दिवसांनी त्या प्रत्येकाची माशी होऊन ती स्वयंपाकघरात यावयाची असते.

कोंबडीची गोष्ट मोठी गमतीची आहे. आंब्याखाली कोंबड्या सोडल्या तर त्या माती उकरून फळमाशीचे कोष वेचून खातात. तेथे ती शेतकऱ्याची मैत्रीण. तिच कोंबडी रात्री खुराड्यात जी शीट टाकते ती चार दिवस तशीच राहिली तर घरमाशीचे माहेर होते. खुराडे झाडणे आणि शीट खड्ड्यात टाकून मातीने झाकणे, एवढे केले तर कोंबडी दोन्हीकडून निर्दोष ठरते.

विषाचा मोह

दोन्ही माश्यांवर विष मारावे, हा पहिला विचार प्रत्येकाच्या मनात येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर साऱ्या जगाने तो केला. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले; पण त्याच्या दोन वर्षे आधीच स्वीडनमध्ये डीडीटीस न जुमानणाऱ्या घरमाश्या आढळल्या होत्या. ज्या माशीचा वंश दहा दिवसांत वाढतो ती विषास लवकर सरावते. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरणे १९८९ साली बंद झाले. नवी विषे आली, त्यांसही माश्या सरावत आहेत.

फळमाशीच्या बाबतीत विषाची चूक अधिक गंभीर. काकडी वाकडी होऊन पिवळी पडली, कापून पाहिली तो आत अळी. लगेच पंप खांद्यावर घेऊन साऱ्या मांडवावर फवारा मारावयाचा, असे चित्र आपल्या तालुक्यात जागोजाग दिसते. अळी तर फळाच्या पोटात सुरक्षित असते. फवाऱ्याचा थेंब तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तो सालीवर राहतो. वेलाची भाजी एक दिवसाआड तोडावी लागते. आज फवारलेले दोडके परवा बाजारात आणि त्याच्या आदल्या रात्री आपल्याच घरच्या पातेल्यात. अळीस न लागलेले विष मुलांच्या पोटात जाते. शिवाय मांडवावर फुलांसाठी येणाऱ्या मधमाश्या मरतात, आणि मधमाशी मेली की फळधारणाच खुंटते. एका माशीच्या रागाने दुसरीचा बळी द्यावयाचा, हा कोठला न्याय? पिकावर औषध मारणे अपरिहार्यच झाले तर कोणते, किती आणि तोडणीपूर्वी किती दिवस, हे रयत संपर्क केंद्रात विचारून घ्यावे. दुकानदार सांगेल तेच प्रमाण नव्हे.

सुगंधाचा सापळा

फळमाशीवर एक उत्तम उपाय आहे आणि तो आपल्याच देशात, जवळजवळ अपघाताने, सापडला. बिहारमधील पुसा येथे इंग्रजी अमदानीत सरकारी कृषी संशोधन संस्था होती. तेथील कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हौलेट यांच्या शेजारच्या एका गृहस्थाने डासांपासून बचाव व्हावा म्हणून सिट्रोनेला नावाचे सुगंधी तेल वापरण्यास आरंभ केला. डास गेले की नाही कोण जाणे. पण त्या वासाने भलत्याच माश्या गोळा होऊ लागल्या. हौलेट यांनी पाहिले तो त्या फळमाश्या, आणि त्याही सर्व नर! त्यांनी १९१२ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली आणि पुढे तीन वर्षांत नरांस भुलविणारा नेमका पदार्थही शोधून काढला. त्याचे नाव मिथिल युजेनॉल. आपल्या अंगणातील तुळशीतही तो कमी-अधिक प्रमाणात असतो.

आज मिळणारे फळमाशीचे सापळे या शोधावरच चालतात. प्लॅस्टिकच्या डबीत त्या पदार्थात भिजविलेला लाकडाचा तुकडा टांगतात. नर आत शिरतात आणि मरतात. नर उरले नाहीत की माद्यांची अंडी वांझ राहतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा कोकणातील बागांतून प्रसिद्धच आहे; बेंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेनेही असे सापळे तयार केले आहेत. आपल्या जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्प येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे याविषयी चौकशी करता येईल. एक लक्षात ठेवावे: आंबा-पेरूच्या माशीस जो वास भुलवितो तो वेलवर्गीय भाजीच्या माशीस भुलवीत नाही. तिच्यासाठी 'क्यू-ल्यूअर' नावाची निराळी वडी मिळते. आंब्याची वडी काकडीच्या मांडवावर टांगून 'सापळा खोटा आहे' असे म्हणण्यात अर्थ नाही.

आणि सापळा एकट्याने लावून भागत नाही. आपल्या परसात नर मेले तरी शेजारच्या बागेत फळलेली मादी कुंपण ओलांडून येते; तिला सापळ्याचा वास खेचीत नाही. प्रशांत महासागरातील रोटा नावाच्या बेटावर १९६५ पर्यंत याच मिथिल युजेनॉलने आंब्याच्या फळमाशीचे निर्मूलन करण्यात आले. ते साधले, कारण ते बेट होते आणि संपूर्ण बेटावर एकाच वेळी काम झाले. जपानच्या ओकिनावा बेटांवर १९७२ पासून वीस-एकवीस वर्षे प्रयोगशाळेत वाढविलेले वांझ नर सोडून १९९३ साली वेलवर्गाची फळमाशी समूळ नष्ट केली गेली. आमचा तालुका बेट नाही. तरी एखाद्या वाडीतील सर्व घरांनी एकाच आठवड्यात सापळे लावणे आणि एकाच दिवशी झाडाखालची फळे वेचणे, एवढी एकी अशक्य कोटीतील आहे असे आम्हांस वाटत नाही. भाताची लावणी आपण एकमेकांच्या शेतात जाऊन करतोच.

खड्डा, पिशवी आणि झाकण

गळलेली फळे उकिरड्यावर टाकणे हा तर दोन्ही माश्यांस एकाच वेळी मेजवानी देण्याचा प्रकार होय. आतल्या अळीतून फळमाशी निघते आणि बाहेरच्या कुजक्या गरावर घरमाशी अंडी घालते. अशी फळे रोज सकाळी वेचावी. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवावी. आतील अळ्या उष्णतेने मरतात. पावसाळ्यात ऊन नसते. तेव्हा दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती चोपून बसवावी. वरवर टाकलेल्या मातीतून माशी सहज वर येते. हवाई बेटांतील शेतकरी किडकी फळे एका बारीक जाळीच्या तंबूत टाकतात. जाळीची छिद्रे अशी असतात की फळमाशीस बाहेर पडता येत नाही, पण फळमाशीच्या अळीवर जगणारे इवलेसे मित्रकीटक मात्र सुटून पुन्हा बागेत जातात. शत्रूस कोंडावे आणि मित्रास सोडावे, ही युक्ती आम्हांस फार आवडली.

शेणखताविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण शेण टाकून देण्याची वस्तू नव्हे आणि गोठ्यावाचून आपली शेती चालत नाही. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी खत तयार करण्याची जी पद्धत बसविली तिच्यात ढीग वरचेवर उलथून त्यातील उष्णता वाढवितात. त्या उष्णतेत माशीची अळी तग धरीत नाही. परंतु उलथण्यास मनुष्यबळ लागते. १९३९ च्या सुमारास बेंगळूर येथे डॉ. सी. एन. आचार्य यांनी जी पद्धत काढिली ती आपल्या भागास अधिक सोयीची वाटते. खड्डा खणावा, त्यात पालापाचोळा, केरकचरा आणि शेण यांचे थर द्यावे, खड्डा भरला की वरून चिखल-शेणाचा जाड लेप देऊन तो लिंपून टाकावा. सहा-आठ महिने हात लावावयाचा नाही. खत उत्तम होते, त्यातील सत्त्व पावसाने वाहून जात नाही, आणि मुख्य म्हणजे लिंपलेल्या खड्ड्यात माशीस शिरकाव नाही. खड्डा भरेपर्यंत रोजच्या शेणावर चार बोटे माती पसरावी. ज्यांच्याकडे गोबर गॅसची टाकी आहे त्यांच्याकडे ताजे शेण उघडे राहतच नाही. त्यांच्या अंगणात माश्या कमी असतात, हे कोणीही पाहून यावे. उकिरडा घरापासून दूर नेला म्हणजे झाले, असे मात्र समजू नये. घरमाशी सहज एखादा मैल उडून येते, आणि आपल्यापासून दूर असलेला उकिरडा दुसऱ्या कोणाच्या तरी घराजवळ असतोच.

शौचालयाविषयी लिहिण्याचा संकोच आम्ही करीत नाही. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात घरोघर शौचालये झाली. कित्येक ठिकाणी त्यांत आज सरपण आणि कोंड्याची पोती दिसतात. सरपण भिजू नये म्हणून माणसांनी उघड्यावर जावयाचे आणि तेथली माशी स्वयंपाकघरात यावयाची, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो ते त्या त्या कुटुंबप्रमुखाने सांगावे. शोषखड्ड्याच्या हवेच्या नळीच्या तोंडास बारीक जाळी बांधण्यास काही रुपयेच लागतात.

घरात शिजविलेले अन्न, लहान मुलाची दुधाची बाटली आणि वाटी-चमचा झाकून ठेवणे हे बहुतेक घरांत होते. सणासमारंभाच्या मांडवात मात्र होत नाही. कापलेली कलिंगडे, चिरलेली काकडी, गोड पदार्थांची परात तासन् तास उघडी असते. दोन साड्या जोडून शिवलेले पातळ आच्छादन मांडवाच्या सामानाबरोबर ठेवून द्यावे. मंडळींनी पंगतीपूर्वी ते काढावे. रेडीच्या बरणीवरचे कापड तेच.

परसातल्या काकडीसाठी आणि कारल्यासाठी तर विषाची गरजच नाही. जुन्या वर्तमानपत्राची पिशवी पुरे होते. दोन थर कागद घेऊन तीन बाजू खळीने चिकटवाव्या, फळावर पिशवी घालून देठाशी केळीच्या सोपाच्या दोरीने सैलसर बांधावे आणि खालच्या कोपऱ्यास पाणी निथळण्यापुरते बारीक छिद्र ठेवावे. धो धो पावसात कागद टिकत नाही. त्या दिवसांत विरलेल्या लुगड्याची, पण घट्ट विणीच्या फडक्याची पिशवी शिवावी, ती धुऊन पुन्हा वापरता येते. वेळ मात्र साधली पाहिजे. फूल सुकून गळले आणि फळ बोटाएवढे झाले की दोन-तीन दिवसांच्या आत पिशवी चढली पाहिजे. फळ हातभर वाढल्यावर बांधलेल्या पिशवीत माशीची अंडी आधीच गेलेली असतात.